गोल हौदाच्या काठाला लाद्या किती?

धामापूरचा तलाव 1530 सालचा. डोंगरांच्या कुशीतला त्याचा काठ सूत्रात बसत नाही. अंगणातल्या गोल हौदाचा मात्र चोख बसतो, तरी आमचे कारागीर बांधव नेमके तिथेच फसतात.

समजा, हौद आतून 14 फूट व्यासाचा, काठ 1 फूट रुंद, लादी 1 फूट चौरस. व्यासाला 22 ने गुणून 7 ने भागावे. (नवव्या शतकात बगदादच्या अल्-ख्वारिज्मींनीही व्यवहारासाठी हेच प्रमाण दिले आहे.) आतला घेर 44 फूट, बाहेरचा व्यास 16, घेर 50 फूट साडेतीन इंच.

काठाचे क्षेत्रफळ 47 चौरस फुटांहून किंचित जास्त. त्यावरून 48 लाद्या आणणारा दोनने अडकतो. कारण प्रत्येक लादी आतल्या टोकाला साडेदहा इंचांपर्यंत निमुळती कापावी लागते आणि ती चीप वाया जाते. म्हणून मोजणी बाहेरच्या घेरावर करावी: 50 लाद्या, वरचे साडेतीन इंच सांध्यांत जातात. कापताना फुटतील त्यासाठी आणखी 5 आम्ही धरतो. मागाहून कुडाळहून आणलेल्या लाद्यांचा रंग जुळेलच असे नाही, आणि काम उक्ते घेतले असेल तर तो भुर्दंड आपल्याच खिशाला.