मीटरभर ओळीत 92 ओंब्या

गव्हाचा हिरवेपणा आता आकड्यांत मोजतात, असं कृषी महाविद्यालयात शिकणाऱ्या भाच्यानं सांगितलं आणि ते डोक्यातून जाईना. आमचे आजोबा बांधावर उभे राहून म्हणायचे, "हा तुकडा पिवळा पडायला लागलाय, पाणी हुकलं." त्या नजरेचा हिशेब यंत्र कसा करतं, ते बघायला फेब्रुवारीच्या सुरुवातीला निफाडकडच्या एका गहू प्रक्षेत्रावर गेले.

सकाळी दव होतं. ओली पानं चकाकतात आणि रंग फसतो, म्हणून फोटो थांबले होते. शेजारी शेजारी लहान वाफे, प्रत्येकात वेगळं वाण. दव सुकल्यावर काठीला लावलेला कॅमेरा वाफ्यावर धरला, कडेला रंगपट्टी ठेवली, ऊन चढलं तशी छत्री आली. संगणकात फोटोच्या प्रत्येक ठिपक्याचे लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे होतात, 0 ते 255. हिरव्याची दुप्पट करायची, त्यातून लाल आणि निळा वजा करायचा. उत्तर मोठं आलं तर पान, नाहीतर माती. एवढ्या साध्या वजाबाकीतून कोणत्या वाणानं जमीन लवकर झाकली आणि उन्हाचा तडाखा बसल्यावर कोण आधी पिवळं पडलं, ते वाफ्यागणिक नोंदलं जातं. दाणा भरताना उष्णता वाढली तर तो बारीक राहतो, म्हणून उशिरापर्यंत हिरव्या राहणाऱ्या वाणांवर सगळ्यांचं लक्ष.

माझं लक्ष मात्र ओळीत उकिडव्या बसलेल्या एका मावशींकडे जात राहिलं. मीटरची पट्टी जमिनीवर ठेवून त्या एकेक ओंबी बाजूला सारत मोजत होत्या. मनगटांवर कुसळांचे ओरखडे. "ब्याण्णव," त्या म्हणाल्या. पुन्हा मोजलं, पुन्हा 92. त्याच मीटरच्या फोटोत संगणकाला 79 सापडल्या होत्या.

"ताई, खाली वाकलेली बी मोजायची असती. ती वरून कशी दिसंल?"

तिथल्या एका विद्यार्थ्यानं वहीत 92 लिहिले आणि फोटोतल्या सुटलेल्या ओंब्यांभोवती चौकटी आखायला घेतल्या. काही तर पानाआड पूर्ण झाकलेल्या; त्यांना चौकट तरी कुठे काढणार? संगणक ओंबी ओळखायला शिकतो तो अशा चौकटींवरून. 2020 मध्ये अनेक देशांतल्या संशोधकांनी मिळून 4,700 फोटोंतल्या जवळपास 1 लाख 90 हजार ओंब्यांवर अशा खुणा करून तो साठा सर्वांसाठी खुला केला. फार मोलाचं काम आहे ते. शेकडो वाफे एका सकाळी बघणं माणसाला जमायचं नाही, हेही मला पटलं. पण यंत्र किती चुकलं, हे ठरलं ते मावशींच्या 92 वरून.

हे प्रयोग करणाऱ्यांना माझी मनापासून विनंती आहे. तुमच्या निबंधात कॅमेऱ्याचं मॉडेल लिहिता, तसं ओंब्या मोजणाऱ्या बायांची नावंही लिहा.