एका रबरी पट्ट्यापायीं

घरांतील एखाद्या वस्तूवर ‘बिघडली’ असा शिक्का एकदां बसला, कीं ती अडगळींत जावयास वेळ लागत नाहीं. बिघडलें तें नेमकें काय, हें पाहण्याची तसदी फारसें कोणी घेत नाहीं. सीडी-प्लेअर हें अशा अन्यायाचें उत्तम उदाहरण होय.

१९८२ सालीं सोनी कंपनीनें जपानांत हें यंत्र प्रथम बाजारांत आणलें, आणि पुढें तें आपल्याकडील अनेक सुशिक्षित कुटुंबांत येऊन स्थिरावलें. आतां गाणीं मोबाईलवर ऐकण्याचा प्रघात पडला आहे, हें खरें. परंतु आजोबांचें कीर्तन, आजीच्या ओव्या, घरच्या मंगलकार्यांतील मंगलाष्टकें यांसारखें जें बाजारांत कोठेंहि मिळावयाचें नाहीं, तें कित्येक घरीं एखाद्या सीडीवरच राहून गेलें आहे. यंत्र भंगारांत गेलें, कीं तें ऐकावयाची सोयहि गेलीच म्हणून समजावें.

या यंत्राच्या तक्रारी बहुधा ठराविक असतात. कळ दाबली तरी सीडी ठेवावयाचा खण बाहेर येत नाहीं. आला तर मिटत नाहीं. मिटला तरी आंत सीडी नाहीं असा संदेश उमटतो. मग लेसर गेला, असा निर्णय होतो. वस्तुतः सीडी फिरविणारी मोटर बहुतेक यंत्रांत थेट जोडलेली असते. तेथें रबराचा संबंध नाहीं. खण चालविणारी मोटर मात्र निराळी असते, व तिची गति पुष्कळ यंत्रांत एक लहानसा रबरी पट्टा दंतचक्रांपर्यंत पोहोंचवितो. खण मिटतांना शेवटीं सीडीला घट्ट धरण्याचें कामहि बहुधा हीच मोटर करते. पट्टा सैल पडला, कीं मोटर फिरते पण कप्पी जागची हालत नाहीं. सीडी नीट धरली जात नाहीं, आणि दोष निरपराध लेसरच्या माथीं येतो.

रबर सैल कां पडावें? गंधकाबरोबर तापविल्यानें रबरास टिकाऊ स्थितिस्थापकता येते, हें चार्ल्स गुडइयर यांना १८३९ मध्यें आढळलें. परंतु हवेंतील ऑक्सिजन व ओझोन, उष्णता आणि अखंड ताण यांमुळें तो गुण हळूहळू क्षीण होत जातो. यंत्र न वापरतां झांकून ठेवलें, तरी पट्ट्याचें वय वाढतच असतें.

निदानास आपल्या न्यायशास्त्रांतील अन्वय-व्यतिरेक पुरेसा आहे. खणास बोटाचा हलका आधार दिला तर तो चालतो, आधार काढतांच थबकतो, आणि आंत मोटरचा आवाज तर चालूच असतो. असें आढळल्यास पट्ट्यावरच संशय धरावा.

उपाय असा. प्रथम विजेचा प्लग काढून ठेवावा. झांकणाचे स्क्रू काढल्यावर पट्टा बहुधा खणाच्या पुढील बाजूस, कित्येकदां खणाखालीं दिसतो. तो चिमट्यानें काढावा. लेसरच्या भिंगास बोट लावूं नये. कप्प्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्यें भिजविलेल्या कापसानें पुसून कोरड्या कराव्या. तेलाचा थेंबहि लागूं देऊं नये. नवा पट्टा त्याच जाडीचा घ्यावा. परंतु जुना ताणून वाढलेला असल्यामुळें नव्याचा घेर सुमारें ५ टक्के कमी असावा. फार आंखूड पट्टा मोटरवर भार घालतो. पुड्या बांधावयाचें रबर लावूं नये. तें लवकरच निकामी होतें. जुना पट्टा उकळत्या पाण्यांत टाकल्यानें कांहीं दिवस काम भागतें, पण तो तात्पुरता इलाज होय. झांकण उघडें असतां यंत्र चालू करून भिंगांत डोकावणें सर्वथा वर्ज्य मानावें. कारण ७८० नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा तो प्रकाश डोळ्यांस जवळजवळ दिसत नाहीं, परंतु इजा करूं शकतो.

एवढ्यानेंहि यंत्र वाजलें नाहीं, तर भिंगावरील धूळ किंवा खुद्द लेसर यांचा विचार करावा. वाजूं लागलें, तर मात्र नुसत्या आनंदांत कालहरण करूं नये. घरीं नोंदविलेल्या सीडीवरील रंगद्रव्यहि काळानें फिकें पडतें. म्हणून त्या दुर्मिळ सीडी पहिल्या आठवड्यांतच संगणकावर उतरवून घ्याव्या, आणि त्यांची एक प्रत मुलाबाळांच्या घरींहि पोहोंचती करावी.