ग्रंथ खपला, मुद्रक बुडाला

दिवाळी अंक हाती पडला की आपण आधी मुखपृष्ठ न्याहाळतो, मग कथा कोणाकोणाच्या आहेत ते पाहतो. या पानांत कोणाचे किती पैसे अडकले असतील, हा विचार सहसा मनात येत नाही. छापणाऱ्याला मात्र दुसरा विचार सुचत नाही. आणि ही चिंता छपाईच्या जन्माइतकीच जुनी आहे.

जर्मनीतील माइन्त्स शहरी योहान गुटेनबर्गने धातूच्या सुट्या खिळ्यांनी छापण्याची कला सिद्ध केली. पण खिळे ओतायचे, कागद घ्यायचा, कारागिरांना रोजी द्यायची, तर पैसा हवा. १४५० मध्ये योहान फुस्ट नावाच्या धनिकाने त्याला शेकडा ६ व्याजाने ८०० गुल्डेन दिले. छपाईची साधने गहाण पडली. १४५२ मध्ये फुस्टने आणखी ८०० घातले, ते भागीदारीत.

काम होते बायबलचे. पाने जवळजवळ १३००, प्रती सुमारे १८०. आता या धंद्यातली मेख पाहा. कापडवाला पाच ठाणे विकून सहाव्याचे पैसे उभे करतो. ग्रंथ छापणाऱ्याला ती सोय नाही. शेवटचे पान छापून होईपर्यंत पहिल्या पानाला मोल नाही. तोवर खर्च रोजचा, जमा काही नाही, आणि व्याजाला तर सुट्टी ठाऊकच नसते!

१४५५ मध्ये फुस्टने फिर्याद लावली. व्याजासह मागणी २०२६ गुल्डेनची. निकाल गुटेनबर्गला जड गेला. नवल असे की, त्याच वर्षीच्या मार्चमध्ये एनेआ सिल्व्हिओ पिकोलोमिनी (हाच पुढे पोप झाला) एका पत्रात लिहितो की, काम पुरे होण्याआधीच सर्व प्रतींना गिऱ्हाईक ठरले होते. माल उत्तम, मागणी भरपूर. तरी देणे चुकवायच्या वेळी गाठीला रोकड नाही! १४५७ मध्ये माइन्त्सला देखणी स्तोत्रसंहिता छापली गेली, तेव्हा तिच्यावर नावे होती फुस्टची आणि पेटर शॉफरची. हा शॉफर पूर्वी गुटेनबर्गच्याच हाताखाली होता.

आमच्या मुद्रकांनी हा धोका निराळ्या रीतीने सांभाळला. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मराठी पंचांग छापले. पाने थोडी, आणि घरोघर दरसाल नवे लागणारच! जावजी दादाजींनी आधी खिळे ओतण्याचा कारखाना घातला आणि १८६९ मध्ये ‘निर्णयसागर’ छापखाना काढला. त्यांचेही पंचांग होतेच. संस्कृत ग्रंथांची ‘काव्यमाला’ १८८६ पासून निघाली, ती मासिकाच्या रूपाने. जाडजूड ग्रंथ पुरा होण्याची वाट पाहत पैसा कोंडून ठेवायचा नाही, ही यातली खुबी.

दिवाळी अंकाची गत मात्र अजूनही गुटेनबर्गच्या बायबलसारखी. कागद, छपाई, बांधणी यांचा खर्च आधी, विक्री मागाहून. आणि तीही जेमतेम तुळशीच्या लग्नापर्यंत. पुढे उरलेल्या गठ्ठ्यांना रद्दीचा भाव. म्हणून कथेच्या ऐन रंगात साबणाची जाहिरात आडवी आली, तर वाचकहो, रागावू नका. अंक खपण्याआधी छापखान्याचे बिल भागवण्याचा भरवसा तिचाच असतो. शेजाऱ्यांकडून अंक मागून नेणाऱ्यांनी तर मुळीच रागावू नये!