खिडकीची फट

आमचे घर कडावला, कर्जत-मुरबाड रस्त्याच्या कडेला आहे. आम्ही लहान होतो तेव्हा या रस्त्याने बैलगाड्या जायच्या. मध्येच एखादी एस. टी. यायची. आता रात्री बारा वाजतासुद्धा खडीचे डंपर जातात. शनिवार-रविवारी मुंबईकडच्या मोटारींची रांग लागते. तावदाने थरथरतात, झोपमोड होते. म्हणून चार वर्षांपूर्वी मुलगा म्हणाला, "बाबा, या जुन्या खिडक्या आता बदलूनच टाकू."

खिडक्या बदलल्या. आवाज कमी झाला. पण त्याच हिवाळ्यात घरावर मोठे संकट आले. दोष खिडक्यांचा नव्हता, आमच्या अज्ञानाचा होता. ती हकीकत पुढे सांगतो. आधी जुने घर आठवा.

जुने घर कुडाचे. कारवीच्या काठ्या उभ्या करायच्या आणि त्यावर शेणमातीचे लिंपण. डोक्यावर कौले. खिडकी म्हणजे हातभर चौकट, चार गज आणि दोन झडपा. झडपांना फटी, कुडाला फटी, आणि कौलांना तर फटीच फटी. चूल पेटली की धूर कौलांतून बाहेर पडे. थंडीत कुडकुडायला होई, पावसाची झड आत येई, हे खरे. पण घरातली हवा आपोआप बदलत राही.

आता घर विटांचे. वर स्लॅब. आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा. म्हणजे हवेला ये-जा करायला दार आणि खिडकी एवढ्याच वाटा उरल्या. हे ध्यानात ठेवा.

आता आवाजाचे पाहू. आवाज हवेतून येतो. जिथून वारा आत येतो, तिथून आवाजही येतो. समजा, रस्त्याकडच्या भिंतीचे शंभर भाग केले. त्यातला एकच भाग उघडा राहिला. तर बाहेरच्या आवाजाच्या ताकदीचा शंभरावा हिस्सा तेवढ्या जागेतून सरळ आत येतो. शंभरावा हिस्सा म्हणजे थोडा वाटतो. पण आपल्या कानाची रीत निराळी आहे. कानाला तो बाहेरच्या आवाजाच्या चौथ्या हिश्शाएवढा मोठा वाटतो! मग भिंत वीतभर जाड असो की हातभर. म्हणून जाड काचेवर पैसे घालण्याआधी फटी शोधाव्या. त्याला खर्च फारच थोडा.

फट शोधायला यंत्र लागत नाही. वारा सुटला असेल त्या दिवशी दारे-खिडक्या लावून घ्या. उदबत्ती पेटवा आणि चौकटीच्या कडेकडेने हळूहळू फिरवा. धूर सरळ वर गेला तर ठीक. धूर वाकडा झाला की तिथे फट आहे. दुसरी खूण कागदाची. कागदाची पट्टी झडपेत धरून झडप लावा आणि पट्टी ओढा. ती सहज निघाली तर झडप नीट बसत नाही.

पुष्कळदा मोठी फट झडपेत नसतेच. ती चौकट आणि भिंत यांच्यामध्ये असते. गवंडी चौकट बसवतो, वरवर गिलावा करतो, पण आत पोकळ राहते. ही फट खरवडून साफ करावी, पाण्याने भिजवावी आणि सिमेंट-वाळूचा माल आतपर्यंत ठासावा. बारीक भेग असेल तर सिलिकॉन भरावे. ते नळीत मिळते. तावदान खुळखुळत असेल तर जुनी लांबी काढून नवी भरावी. झडप टेकते तिथे रबराची पट्टी चिकटवावी.

लाकडी झडपेची एक गोष्ट आमच्या सुतारमिस्त्रीने सांगितली. पावसाळ्यात लाकूड पाणी पिते आणि फुगते. झडप अडकते. लोक रागाने लगेच रंधा मारायला लावतात. दिवाळीनंतर तेच लाकूड वाळते, आकसते आणि बोटभर फट पडते. म्हणून श्रावणात झडपेला रंधा लावू नये. उन्हाळ्यात तिला सगळीकडून रंग किंवा तेल द्यावे. वरची आणि खालची कड विसरू नये. पाणी तिथूनच शिरते.

खिडकी बदलायचीच असेल तर सरकती घ्यावी की झडपेची? सरकती जागा अडवत नाही, म्हणून सगळे तीच घेतात. पण ती निम्मीच उघडते आणि तिच्या दोन काचांमध्ये थोडी फट राहतेच. झडपेची खिडकी डब्याच्या झाकणासारखी घट्ट बसते आणि उघडली की पूर्ण उघडते. रस्त्याच्या बाजूला झडपेचीच बरी, असे माझे मत आहे. सरकती घेतली तर तिच्या खालच्या पन्हळीला बाहेरून बारीक भोके असतात, ती बुजवू नका. पन्हळीतले पावसाचे पाणी तिथून बाहेर जाते. आमच्या आळीत एकाने मुंग्या येतात म्हणून ती भोके सिमेंटने लिंपली. पहिल्याच मोठ्या पावसात पाणी गादीपर्यंत आले.

आता ती हकीकत. डिसेंबरचा महिना होता. लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ बारा दिवसांचे. खोली नवी, खिडक्या नव्या, वारा म्हणून शिरायचा नाही. बाळंतिणीला वारा लागू नये, म्हणून दारही लावलेले. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी. आमची आई म्हणाली, "अरे, माझी पाच बाळंतपणं याच शेगडीवर झाली. काही झालं नाही." ती खोटे बोलत नव्हती. तिची पाचही बाळंतपणे कुडाच्या घरात झाली होती.

तासाभराने लेक म्हणाली, "आई, डोकं फार दुखतंय. मळमळतंय." आम्हाला वाटले, अशक्तपणा असेल. थोड्या वेळाने आमच्या आईलाही गरगरले. बाळ रडेनासे झाले होते, नुसते पेंगत होते. तेव्हा मला शंका आली. दोघींना एकाच वेळी एकच दुखणे कसे? मी दार उघडले, खिडकी उघडली, तिघांनाही अंगणात आणले आणि १०८ नंबरला फोन लावला. दवाखान्यात प्राणवायू दिला. तिघेही वाचली. डॉक्टर म्हणाले, "आणखी तासभर तसंच राहिलं असतं तर काही सांगता आलं नसतं."

झाले होते काय? कोळसा किंवा लाकूड जळताना हवा पुरेशी मिळाली नाही, तर कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. निखारा लालबुंद आहे, धूर नाही, म्हणजे भीती नाही असे आपण समजतो. ती समजूत चूक आहे. आपले रक्त श्वासातला प्राणवायू अंगभर पोचवते. पण हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने रक्ताला चिकटतो आणि त्याची जागा अडवतो. माणसाला गुंगी येते आणि झोपेतच प्राण जातो. जानेवारी २०२० मध्ये नेपाळात दामन येथे केरळचे आठ प्रवासी असेच गेले. त्यांत चार मुले होती. थंडी म्हणून खोली बंद करून त्यांनी गॅसची शेगडी लावली होती.

म्हणून बंद खोलीत निखारा, शेगडी, जनरेटर यांतले काही नको. झोपताना तर मुळीच नको. बाळंतिणीला ऊब हवी तर गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून द्यावी. शेक द्यायचाच असेल तर दार-खिडकी उघडी ठेवून द्यावा आणि शेगडी लगेच अंगणात न्यावी. घरात दोघा-तिघांचे डोके एकदम दुखू लागले, बाहेर आल्यावर बरे वाटू लागले, तर दृष्ट काढत बसू नये. तडक दवाखाना गाठावा.

मग फटी बुजवाव्या की नाही? बुजवाव्या. पण त्यांच्या बदली हवेची वाट आपण आपल्या हाताने ठेवावी. आम्ही मागच्या, परसाकडच्या भिंतीत स्लॅबच्या खाली एक झरोका पाडला. तो वर ठेवला, कारण गरम हवा वर चढते. मागे ठेवला, कारण रस्त्याचा आवाज तिकडे कमी. स्वयंपाकघरात जमिनीलगत आणखी एक जाळी बसवली. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो खाली साचतो, वरच्या झरोक्यातून जात नाही.

पहिल्या पावसात झरोक्यातून शिंतोडे आत आले. आई म्हणाली, "बुजव बघू ते भोक." मी बुजवले नाही. गवंड्याला बोलावून बाहेरून वीतभर छज्जा काढून घेतला. शिंतोडे थांबले.