उन्हाळी म्हणून अंगावर काढू नका

मैत्रिणींनो, लघवीला जळजळ सुरू झाली की आपल्याकडे सल्ला ठरलेला, "उन्हाळी लागली असंल, धण्याचं पाणी पी." उन्हात पाणी कमी पडून लघवी गडद झाली असेल तर तेवढ्यानं बरं वाटतंही. पण सारखं लघवीला जावंसं वाटतं, गेलं तर दोनच थेंब, ओटीपोट दुखतं, लघवी गढूळ होते, तर ते बहुधा जंतूंचं काम. धणे-सब्जा खुशाल घ्या, पोटात पाणी जातं. जंतू मात्र त्यानं मरत नाहीत.

बायकांनाच हे जास्त का? आपली लघवीची नळी जेमतेम ४ सेंटिमीटर, पुरुषांची साधारण २०. संडासच्या जागेचे जंतू मूत्राशयात पोचायला वाट छोटी. म्हणून धुताना हात पुढून मागे न्यावा, संबंधानंतर लघवी करून यावी. हा काही गुप्तरोग नव्हे, तेव्हा घरात कुणी संशय घेत असेल तर सरळ सांगा.

त्यात आपलं काम. ऊस तोडताना, कापूस वेचताना आडोसा नसतो, म्हणून बाई सकाळपासून पाणीच पीत नाही आणि लघवी दाबून धरते. साचलेल्या लघवीत जंतू वाढतात. चार बांबू आणि जुन्या साड्यांचा आडोसा मुकादमाकडं एकटीनं नाही, गटानं मागा.

सरकारी दवाखान्यात लघवी तपासून घ्या. पहिली धार सोडून मधली डबीत धरायची. डॉक्टर जितक्या दिवसांच्या गोळ्या देतील तितके दिवस घ्या. दोन दिवसांत जळजळ थांबते अन् उरलेल्या गोळ्या जाऊबाईसाठी डब्यात जातात, तिथंच घोटाळा होतो. अर्धे राहिलेले जंतू पुन्हा डोकं काढतात आणि पुढं तीच गोळी लागू पडेनाशी होते.

थंडी वाजून ताप, बरगडीखाली पाठीत दुखणं, उलट्या, म्हणजे दुखणं मूत्रपिंडापर्यंत गेलं असू शकतं. त्याच दिवशी दवाखाना गाठा. गरोदरपणी तर काही त्रास नसतानाही लघवीत जंतू असू शकतात आणि त्यानं वेळेआधी कळा येऊ शकतात. म्हणून नाव नोंदवतानाची लघवीची तपासणी चुकवू नका. साखरेचा आजार असलेल्या बायांनीही थांबू नये.

अंगावरून पांढरं जाणं, खाज येणं याचा उपचार वेगळा असतो, तेही सांगा. डॉक्टर पुरुष असले की जीभ अडखळते, खरंय. आशाताईंना सोबत न्या, नाहीतर आधी नर्सताईंच्या कानावर घाला.