दहा बोल्टांचा लाखोटा

‘लाखोटा’ हा शब्द हल्ली वर्गात उच्चारला की मुलांच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नाही. लाखेने तोंड बंद केलेले पत्र, असा अर्थ सांगावा लागतो. पाकिटांना गोंद आला आणि लाख आमच्या घरांतून निघून गेली. ती मला पुन्हा भेटली शहापूरच्या एका गॅरेजात, जीपच्या पोटाखाली! तिथे तिचे नाव ‘शेलॅक’. पळसा-कुसुंबाच्या फांद्यांवर किडे जी लाख तयार करतात तीच शुद्ध करून स्पिरिटात विरघळवायची आणि लोखंडी झाकणाखालच्या कागदी पॅकिंगला फासायची, ही जुन्या मिस्त्रींची रीत. अलीकडे नळीतले सिलिकॉन आले आहे; पण काम तेच, लाखोटा बंद करण्याचे.

हे झाकण असते जीपच्या मागच्या आसाच्या मधोमध दिसणाऱ्या गोळ्याला. गोळ्याच्या आत डिफरन्शियल. ते कशासाठी, हे समजायला देवळाची प्रदक्षिणा आठवावी. दोघे हातात हात घालून निघाले, तर बाहेरच्याला अधिक पावले टाकावी लागतात. वळणावर चाकांचेही तसेच होते. बैलगाडीला ही अडचण नाही, कारण तिची दोन्ही चाके आसावर मोकळी फिरतात. मोटारीत आसच चाकांना फिरवतो. म्हणून दोघांना आपापल्या गतीने जाऊ देणारी ही दातेरी चाकांची योजना. पेकर नावाच्या एका फ्रेंच गृहस्थाने ती 1827-28 च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी काढली. आपल्या मुंबईत विलीज जीप जोडल्या जाऊ लागल्या त्या 1940 च्या दशकाच्या अखेरीस. त्या घराण्यातल्या जीपांनी पुढे आमच्या मुलखात किती माणसे आणि किती भाताची पोती वाहिली, त्याचा हिशेब कोण ठेवणार?

किन्हवलीच्या बाजूला माझा एक जुना विद्यार्थी अशीच जीप चालवतो. एका पावसाळ्यात त्याने ते झाकण दोनदा बसवून घेतले होते, दोन्ही वेळा नव्या मालाने. तरी गाडीखाली तेलाचा डाग होताच. पावसाळा सरल्यावर तो शहापुरातल्या एका वयस्क मिस्त्रींकडे गेला, तेव्हा मीही सोबत होतो. दुसऱ्या दिवशी त्याला मुरबाडहून माळशेज चढून ओतूरला साखरपुड्याची माणसे न्यायची होती.

मिस्त्रींनी झाकणाला हात लावण्याआधी वरचा, तेल भरायचा प्लग सोडवून पाहिला.

“मामा, गळतंय खाली,” विद्यार्थी म्हणाला.

“हे तोंडच उघडलं नाही, तर खालचं ओतून भरशील कुठून?”

मग दहा बोल्ट ढिले झाले. तेल निघाले ते दुधाळ चहासारखे. “ओढ्यात घातली होतीस ना?” 1892 पासून मुंबईला तानसाचे पाणी पाजणाऱ्या आमच्या तालुक्यात ओढ्यांना काय तोटा! तापलेला गोळा थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि मिळेल त्या फटीतून पाणी ओढून घेते. तापलेली हवा बाहेर पडावी म्हणून आसावर ब्रीदर नावाची एक बोंडाएवढी वाट ठेवलेली असते. मिस्त्रींनी ती पुसली, फुंकून पाहिली. चिखलाने पार बुजलेली.

“माल कसला दोष देतोस? याचा श्वास कोंडलाय. कोंडला की तेल फट शोधतं. झाकणातून आलं, नशीब तुझं. टोकाच्या सीलमधून ब्रेकच्या पट्ट्यांवर गेलं असतं तर?”

माळशेजची वळणे आम्हां दोघांच्याही डोळ्यांसमोर आली असावीत. कोणी काही बोलले नाही.

पुढचा तासभर मात्र मी डोळे भरून पाहिला. दोन्ही कडांवरचा जुना थर खरवडला, पण कड ओरखडली नाही. झाकण काचेच्या तुकड्यावर पालथे घालून डोलते का ते पाहिले. वारंवार आवळून बोल्टांच्या भोकांपाशी ते फुगले होते, ते हलक्या हातोडीने सरळ केले. पेट्रोलच्या फडक्याने पुसले. तेलकट बोटाचा ठसादेखील राहू दिला नाही. मग सिलिकॉनची एक अखंड रेघ, भाताच्या दाण्याएवढी जाड, प्रत्येक भोकाच्या आतल्या बाजूने वळवीत नेली. माझा विद्यार्थी म्हणाला, “अजून लावा की थोडं.” मिस्त्री हसले. जास्त झालेला माल आत दबतो, तुटतो आणि तेलाबरोबर दात्यांत फिरत राहतो. बोल्ट आधी हाताने, मग समोरासमोरचे, थोडेथोडे आवळले. एका बाजूने आवळत गेलेले झाकण दुसऱ्या बाजूला उचलते, हे गळक्या पंपाचे झाकण बसवलेल्या कोणालाही पटेल.

“तेल भरा, निघतो,” विद्यार्थी म्हणाला.

“उद्या.”

“मामा, पाहुणे खोळंबतील.”

“माल सुकायला रात्र लागते. आता भरलंस तर आज केलेलं सगळं वाया.”

त्याने बाहेर जाऊन फोन केला. ओतूरचे भाडे दुसऱ्या जीपवाल्याकडे गेले. परत आला तेव्हा चेहरा उतरला होता, आणि मिस्त्रींनी त्याच्यासाठी चहा मागवला होता. सकाळी 90 नंबरचे गिअर ऑइल भरले, वरच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत. त्याहून थेंबभर जास्त नाही. मजुरी घेताना त्यांनी एक जुने वर्तमानपत्रही दिले.

चार दिवसांनी विद्यार्थ्याचा फोन आला. “सर, माळशेज चढून-उतरून आलो. रात्रभर गाडीखाली पेपर होता. अग्रलेखसुद्धा वाचता येतोय.”