बॉनेटखालचा केशरी

1977 मॉडेलच्या ओल्ड्समोबिलचा शिकागोतला एक मालक. गाडी गॅरेजला गेली आणि ओल्ड्समोबिलचा ऑइल फिल्टर इंजिनाला काही केल्या बसेना. शोध घेतला तेव्हा कळले की बॉनेटखालचे इंजिन शेव्हरोलेचे आहे. दोन्ही ब्रँड जनरल मोटर्सचेच; पण या माणसाने पैसे मोजले होते ते ओल्ड्समोबिलच्या नावाजलेल्या 'रॉकेट' व्ही-8 साठी. इलिनॉय राज्याच्या ॲटर्नी जनरलनी कंपनीला कोर्टात खेचले आणि अखेर अशा ग्राहकांना 200 डॉलर व वाढीव वॉरंटी देऊ करण्यात आली.

नेमके त्याच वर्षापासून जनरल मोटर्सने आपल्या बहुतेक इंजिनांना एकच निळा रंग द्यायला सुरुवात केली होती. तोवर बॉनेट उघडले की रंगावरूनच इंजिनाचे घराणे कळत असे. शेव्हरोलेचा व्ही-8 केशरी, पॉन्टिॲकचा निळा. फोर्डची तर वर्षावर्षाची कथा वेगळी. 1965 च्या मस्टँगमध्ये 289 व्ही-8 चा ब्लॉक काळा आणि वरचे टॅपेट कव्हर सोनेरी. 1966 उजाडले आणि सगळी इंजिने निळी झाली. म्हणून 1965 ची मस्टँग पूर्ववत करताना कोणी निळा रंग मारला, तर जाणकाराला ते लांबूनच खटकते.

अमेरिकेत जुन्या गाड्या मूळ रूपात आणणे हे आता शास्त्र झाले आहे. कॅन्ससमधल्या मॅकफर्सन कॉलेजात या विषयाची चार वर्षांची पदवी मिळते. शेव्हरोले कॉर्व्हेटवाल्यांची राष्ट्रीय संस्था 1974 पासून गाड्यांचे परीक्षण करते, आणि तिथे गाडी किती चकचकीत आहे याला महत्त्व नाही. कारखान्यातून बाहेर पडताना ती जशी होती तशी आहे का, हे पाहिले जाते. इंजिनाच्या रंगाचा प्रश्न इथेच अवघड होतो. बाजारात 'शेव्हरोले केशरी' म्हणून मिळणारे दोन डबे शेजारी ठेवा. एक तांबूस दिसेल, दुसरा पिवळसर. मग खरा कोणता?

माझ्या मते याचे उत्तर डब्यावर शोधण्यात अर्थ नाही, ते इंजिनावरच शोधायला हवे. कारण मूळ रंग ही एकच ठरलेली छटा कधी नव्हतीच. मिशिगनमधल्या फ्लिंटला किंवा न्यूयॉर्क राज्यातल्या टोनावांडाला इंजिन जोडून झाले की त्याच्यावर रंग फवारला जाई. प्रायमर नाही, थेट बिडावर. घाण आणि खडबडीतपणा झाकायला तिथे कुणाला वेळ नव्हता. थर कुठे पातळ, कुठे जाड. पातळ थरातून खालचे काळपट बीड डोकावते आणि छटा गडद होते. आज आपण प्रायमर मारून वर तीन हात चढवतो. रंग तोच असला तरी तो उजळ दिसतो आणि बिडाचा ओतीव पोतही बुजतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर उडालेला फवारा तर गाडी थोडी चालली की जळूनच जाई, कारण तिथले तापमान कित्येक शे अंशांवर जाते. ब्लॉकभोवतीचे पाणी मात्र साधारण 80 ते 90 अंश सेल्सिअसला राहते, त्यामुळे ब्लॉकवरचा रंग टिकतो. टिकतो, पण बदलतो.

हा बदल समजून घ्यायला रसायनशास्त्रात शिरावे लागते. त्या काळातल्या तेजस्वी केशरी औद्योगिक रंगांत मॉलिब्डेट ऑरेंज सर्रास वापरत. शिशाचे क्रोमेट, मॉलिब्डेट आणि सल्फेट यांचा तो मिश्र स्फटिक. याच्या नात्यातला क्रोम पिवळा व्हॅन गॉगने वापरला होता, आणि त्याच्या चित्रांतला पिवळा तपकिरी का पडतो याचे कारण 2011 मध्ये ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉनवर सापडले: प्रकाशाने क्रोमियमचे सहा संयुजेवरून तीनवर क्षपण होते. इंजिनावर उजेडापेक्षा उष्णता, तेल आणि धूर यांचा मारा जास्त. रंग बांधून ठेवणारे एनॅमलही तापून पिवळे पडते. म्हणजे उघड्यावर राहिलेला रंग हा खरा साक्षीदार नव्हेच.

खरा साक्षीदार लपलेला असतो. टॅपेट कव्हर रंगाआधीच बसवलेले असे, म्हणून त्याच्या पॅकिंगखाली कोरे बीड मिळते. अल्टरनेटरचे ब्रॅकेट आणि इंजिनाचे माउंटिंग मात्र रंग झाल्यावर लागत. ते सोडवले की त्यांच्या मागे नाण्याएवढा तुकडा अनेकदा जवळजवळ ताजा निघतो. दुरुस्तीत मारलेला दुसरा रंग वर असेल, तर बारीक पॉलिश पेपर ओला करून त्याच जागी गोल गोल घासायचे. कडेपासून मध्यापर्यंत थर एकेक करून वलयांसारखे उघडे पडतात. सर्वांत आतले, बिडाला चिकटलेले वलय कारखान्याचे. घासताना मास्क हवाच आणि कोरडे घासायचे नाही, कारण ही धूळ शिशाची असते.

त्या तुकड्यावर स्पेक्ट्रोफोटोमीटर टेकवायचा. 400 ते 700 नॅनोमीटरच्या प्रत्येक टप्प्यावर किती प्रकाश परत फिरतो याचा आलेख हे यंत्र देते. असे स्वतःच आलेख काढणारे पहिले यंत्र एमआयटीच्या आर्थर हार्डी यांनी घडवले आणि 1935 मध्ये जनरल इलेक्ट्रिकने ते बाजारात आणले. बीड खडबडीत, त्यामुळे एका मोजणीवर भिस्त ठेवू नये. जागा किंचित बदलून अनेकदा मोजावे आणि सरासरी घ्यावी. दोन रंगांतला फरक डेल्टा-ई या आकड्यात सांगतात. तो साधारण 1 च्या आत असेल तर डोळ्याला सहसा कळत नाही.

पण आकडा जुळला म्हणजे काम झाले, असे नाही. शिशाचे रंगद्रव्य आज वापरायचे नसेल तर सेंद्रिय लाल आणि बिस्मथ व्हॅनेडेटचा पिवळा मिसळून केशरी साधावा लागतो. दिवसाच्या उजेडात हा केशरी हुबेहूब जुळतो, आणि गॅरेजमधल्या पिवळ्या बल्बखाली वेगळा दिसतो. दोघांचे आलेख मुळात निराळे. एका उजेडात डोळ्याच्या तीन संवेदकांना दोन्हींकडून सारखाच संदेश मिळतो, उजेड बदलला की तो फुटतो. म्हणून नमुना बिडाच्या तुकड्यावर, प्रायमरशिवाय फवारावा, इंजिनाइतका तापवून बघावा, आणि उन्हात व बल्बखाली असा दोन्हीकडे ताडून मगच ब्लॉकला हात घालावा.

एवढे करूनही माझा आग्रह एकच आहे: ब्रॅकेटमागचा तो मूळ तुकडा खरवडून टाकू नये. नवा फवारा मारताना त्यावर टेप लावावी, आलेखाची प्रत गाडीच्या कागदपत्रांत ठेवावी आणि ब्रॅकेट पुन्हा त्याच जागी कसावे. उद्याचे यंत्र आजच्यापेक्षा बारीक मोजेल, आणि त्याला मोजायला कारखान्याचा रंग लागेल.